शहाणं बाळ

ताई पहिल्या बाळंतपणासाठी आमच्या बिबवेवाडीच्या घरी आली तेव्हा ऊन इतकं कडक होतं, की गच्चीवर दुपटी वाळत घालताना दोरीच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकाचं दुपटं वाळलेलं असायचं. माझी कॉलेजच्या पहिल्या वर्षाची परीक्षा नुकतीच संपली होती. निकालाला अवकाश होता आणि घरात मी रिकामटेकडी ठरले होते, म्हणून बाळाची दुपटी नि लंगोट धुण्याचं काम माझ्याकडे आलं. आज मी पन्नाशीकडे झुकले आहे. त्या उन्हाळ्यातलं बरंच काही विसरले आहे. निकाल काय लागला तेसुद्धा नीट आठवत नाही. पण कोणत्या दिवशी दोरीवर किती लंगोट होते, ते मात्र अजून सांगता येतं.

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. खाली जगतापांची पिठाची गिरणी होती, तिच्या शेजारी लोखंडी ग्रिल बनवणारा, पलीकडे सोफे दुरुस्त करणारा. सकाळी नऊपासून गिरणीचा पट्टा फटफटत फिरायचा आणि आमच्या फरशीला बारीक कंप सुटायचा. त्यातच ग्रिलवाल्याचं कटर चालू झालं की एकमेकांशी ओरडूनच बोलावं लागे. बाबा वाशीमकडून कंपनीतल्या नोकरीसाठी इथे आले, आणि त्यांच्यामागून आई. बाबांची भाषा कंपनीत राहून पुण्याची झाली. ताई नि मी शाळेत एक मराठी बोलायचो आणि घरी दुसरी. आईची मात्र तीच राहिली, मले-तुलेची. शाळेत मुली त्या बोलण्याची नक्कल करून हसायच्या, त्यामुळे चारचौघांत आई बोलायला लागली की मी खाली बघायचे. हे लिहिताना आजही लाज वाटते, पण लिहायला हवं. कारण ताईला दवाखान्यातून घरी सोडलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी कार्डावर तारीख लिहून दिली होती, पाचव्या दिवशी बाळाला वजनासाठी घेऊन या म्हणून. ते भराभर बोलले, आई मान हलवत राहिली, आणि मी शेजारी उभी होते. आईला नीट समजावून सांगणं माझं काम होतं. मी ते केलं नाही. कार्ड आईने पिशवीत टाकलं, पिशवी कपाटात गेली.

घरी आल्यावर आतली खोली बाळंतिणीची झाली. वारा लागू नये म्हणून खिडकीला चादर बांधली. कोपऱ्यात शेगडी, तिच्यावर ओवा नि बाळंतशेपांची धुरी. बाहेर चाळीस अंश ऊन आणि आत ती धग. मी आत गेले की घामाने कपडे अंगाला चिकटायचे, डोळे चुरचुरायचे. बाळ दोन दुपट्यांत, वरून कानटोपी, असं गुंडाळलेलं. आईने लेकीच्या बाळंतपणाची तयारी तीन महिने आधीपासून केली होती. डिंकाचे लाडू डब्यात भरून ठेवले होते, बाजरीचं पीठ ताजं दळून आणलं होतं. सकाळी अळिवाची खीर, दुपारी बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, लसणाची चटणी, संध्याकाळी मेथी घातलेला भात. ताईने अर्धी भाकरी टाकली तर आई ताटापुढे बसून राहायची. "खाय वं, खाल्लं नाई तर दूध कसं येईन?" ताई मुकाट्याने खायची. माझी ताई मुळातच मुकाट बाई. लग्न ठरलं तेव्हाही तिने फक्त "बरं" एवढंच म्हटलं होतं. भाऊजी त्या वेळी कंपनीच्या कामाने बंगळुरूला होते. बारशाला येणार होते. रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा आणि ताई म्हणायची, "सगळं ठीक आहे."

बाळ जन्मलं तेव्हा दोन किलो नऊशे होतं. दवाखान्यात पहिले दोन दिवस ते असं रडत होतं, की शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, हा मोठेपणी पुढारी होणार. घरी आणल्या दिवशीही रडलं, पण त्या रडण्यात काहीतरी उतरलं होतं. मांजराचं पिल्लू लांब कुठेतरी कोंडलंय असा आवाज. मग तोही थांबला. चौथ्या दिवसापासून बाळ झोपून राहू लागलं. उठवलं की डोळे किलकिले करायचं, ताईने छातीशी धरलं की तोंड लावायचं, दोनतीनदा ओठ हलवायचं आणि पुन्हा झोपायचं. ताईच्या छातीला चिरा पडल्या होत्या. बाळ तोंड लावायचं तेव्हा ती पदराचा बोळा दातांत धरायची. आई म्हणायची, "होते तसं पयले. सोसा लागते." आणि बाळ झोपलं की, "पाय, पोट भरलं म्हणून निजलं थे. कायले रडवता लेकराले?"

बघायला येणाऱ्या बायकांनी एकच शब्द धरला होता. शहाणं. किती शहाणं बाळ आहे हो तुमचं, आवाज म्हणून नाही. आमच्याकडच्याने तर तीन महिने छळलं होतं. आईचा चेहरा खुलायचा. ती बाळाच्या गालाला काजळाची तीट लावायची आणि म्हणायची, "नजर नका लावू बाप्पा." पाचव्या दिवशी संध्याकाळी दिवे लागले तेव्हा पाचवीची पूजा झाली. पाट्यावर हळदकुंकू, फुटाणे, खोबऱ्याची वाटी. आरती झाली तेव्हा मी मुद्दाम घंटा जोराने वाजवली, कारण खालचं कटर अजून चालू होतं. बाळ माझ्यापासून हातभर अंतरावर आईच्या मांडीत होतं. ते दचकलं नाही. पापणीसुद्धा हलली नाही. शेजारणी हसल्या, कौतुकाने. मीही हसले. पण घंटा लगेच खाली ठेवली नाही, एवढं आठवतं.

आता लंगोटांचं सांगते. दवाखान्यातून आल्यावर पहिल्या दिवशी मी पाच धुतले. बाळ पाच दिवसांचं झालं तेव्हा चार. सातव्या दिवशी दोन, आणि त्यातल्या एकावर विटेचा चुरा सांडावा तसा नारिंगी-तांबूस डाग होता. मला वाटलं रक्त आहे. धावत आईकडे नेला. तिने उजेडात धरून पाहिला आणि म्हणाली, "उन्हाळा हाय, उन्हाळी लागली असंन." मी तो डाग साबणाने घासला, तो लगेच निघाला, आणि रक्त इतक्या सहज निघत नाही म्हणून मला हायसं वाटलं. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला आणखी एका गोष्टीने हायसं वाटत होतं. लंगोट कमी होत होते. बादली लवकर रिकामी होत होती. गच्चीवरून लवकर खाली येऊन मी वाचनालयातून आणलेली कादंबरी घेऊन पंख्याखाली पडू शकत होते. बाळ दिवसाला दोनदाच ओलं करतंय याचा मला आनंद झाला होता. ही गोष्ट मी ताईला आजपर्यंत सांगितलेली नाही. तिने हे वाचलं तर इथेच कळेल.

आठव्या दिवशी सकाळी आई बाळाला न्हाऊ घालत होती. पाय पसरून, पायांवर बाळाला घेऊन, वाटीतलं कोमट तेल तिने टाळूवर ओतलं. रोज ते तेल कपाळावर ओघळायचं आणि आई ते भुवयांपाशी तळहाताने अडवायची. त्या दिवशी ओघळलं नाही. टाळूवर खळगा पडला होता आणि तेल त्यात साचून राहिलं, छोट्या पणतीत राहावं तसं. माझ्या डोक्यावरच्या बल्बचा उजेड त्यात दिसत होता. आईचा हात क्षणभर थांबला.

"टाळू खोल गेलीये का गं?" मी विचारलं.

"भरंन हळूहळू," आई म्हणाली. "म्हणून तं तेल घालतेत."

पण न्हाऊ घालताना रोज म्हणायची ते गाणं तिने त्या दिवशी म्हटलं नाही. बाळाचे पाय उचलून पोटाशी नेताना मांडीची कातडी सैल झाल्यासारखी सुरकुतली, म्हाताऱ्या माणसासारखी. अंगावर पिवळसर झाक होती. आईने घाईघाईने पुसून त्याला गुंडाळलं. दुपारी ताई दबक्या आवाजात म्हणाली, "आई, एकदा वरचं दूध देऊन बघू या का? मला काही भरल्यासारखं वाटतच नाही." आई एकदम चिडली. "वरचं कायले? तू वरच्या दुधावर वाढली का? असं बोलली की असलेलं दूध बी आटते." त्या घरात आईइतकं बाळंतपणातलं कळणारं दुसरं कोणी नव्हतं, आणि आई जे करत होती ते मायेपोटी करत होती, हे मला तेव्हाही दिसत होतं. म्हणूनच तिच्यापुढे बोलायला जीभ उचलत नव्हती.

नवव्या दिवशी आई आणि बाबा बारशाच्या खरेदीला बुधवार पेठेकडे गेले होते. कुंची, झबली, पाळण्याला बांधायचं चिमणाळं. दुपारचे बारा वाजून गेले होते. ताईला डोळा लागला होता. दार वाजलं म्हणून उघडलं तर वरच्या मजल्यावरच्या परांजपेबाई आमचा डबा परत द्यायला आल्या होत्या. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. सारा जन्म कसबा पेठेत गेलेला, मुलाने फ्लॅट घेतला म्हणून नाइलाजाने इकडे आलेल्या. आमच्या सोसायटीत त्यांच्या जिभेला सगळे भिऊन असत. डब्यात साखर घालून आणली होती. "रिकामा देत नाहीत म्हणून," असं म्हणून त्यांनी डबा माझ्या हातात ठेवला आणि बाळाला बघायचं म्हणाल्या.

आतल्या खोलीत पाऊल टाकताच त्या थबकल्या. "इथे बाळाला वाढवताय की भाजताय?" मग खाली बसल्या, चष्मा पुसला, बाळाची कानटोपी काढली. मग एका बोटाने त्याच्या तळपायाला टिचकी मारली. पुन्हा मारली. बाळाने पाय ओढून घेतला नाही. तोंड थोडं उघडं होतं आणि ओठ कोरडे, त्यांच्यावर पांढरा पापुद्रा.

"वजन कधी केलंत?"

"आई म्हणते, बाळाचं वजन करायचं नसतं. दृष्ट लागते."

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मोजलं नाही की कमी होतच नाही."

"पण ते रडत नाही, काकू. सगळे म्हणतात शहाणं आहे."

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "नऊ दिवसांच्या बाळाला शहाणपण नसतं गं. त्याला भूक असते. भूक लागूनही जे रडत नाही, त्याच्यात रडायचं बळ उरलेलं नसतं."

कपाटातली पिशवी काढून मी ते कार्ड शोधलं. पाचव्या दिवसाची तारीख, आणि वर जन्माचं वजन. मग मी जे केलं ते विचार करून केलं नाही. बाळाला उचललं आणि चपला न घालता जिना उतरले. माझ्या हातात ते इतकं हलकं होतं, की दुपट्यात मूल आहे की नुसतंच दुपटं, असं वाटून मी दोनदा आत डोकावले. परांजपेबाई मागून कठडा धरून उतरत होत्या.

जगतापमामा गिरणीत दळणाचा डबा काट्यावर ठेवत होते. भुवयांपासून दंडापर्यंत पिठाने पांढरे. मी म्हटलं, "मामा, याचं वजन करा." त्यांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी बटण दाबून गिरणी बंद केली. पट्टा फटफटत थांबला, आणि नऊ दिवसांत पहिल्यांदाच माझ्या कानांना शांतता ऐकू आली.

"येडी हायस का पोरी? लेकराला काट्यावर ठेवत्यात व्हय?"

"ठेवा, जगताप," मागून परांजपेबाई म्हणाल्या. "बोलणी खायची असतील तर मी खाईन."

मामांनी पारडं फडक्याने पुसलं, मग आपला धुतलेला पंचा घडी करून त्यात अंथरला आणि बाळाला माझ्या हातातून स्वतः घेतलं. इतक्या हळुवारपणे कोणी धान्य ठेवत नाही, आणि मूलही क्वचितच ठेवतं. त्यांनी वजनं लावली, एक काढलं, दुसरं ठेवलं. रांगेत उभ्या असलेल्या दोन बायका पुढे सरकल्या. "दोन किलो साडेचारशे," मामा म्हणाले. बाळाला माझ्याकडे देऊन त्यांनी पंचा नि वरचं दुपटं वेगळं तोललं, हिशेबाचा माणूस. "दीडशे. म्हंजी लेकरू दोन किलो तीनशे." मी कार्डाकडे पाहिलं. वजाबाकी मला येत होती. सहाशे ग्रॅम. नऊ दिवसांत आमच्या डोळ्यांदेखत, गाणी म्हणत, तीट लावत, बाळातलं सहाशे ग्रॅम बाळ निघून गेलं होतं.

ताईला उठवलं तेव्हा तिने काही विचारलं नाही. माझ्या तोंडाकडे बघून साडी सारखी केली आणि उभी राहिली. आम्ही फाटकाशी पोचलो तर आई-बाबा रिक्षातून उतरत होते. आईच्या हातात खरेदीच्या पिशव्या. आपली बाळंतीण लेक भर उन्हात, डोक्याला फडकंही न बांधता रस्त्यावर उभी आहे आणि बाळ माझ्या हातात आहे, हे बघून ती ओरडलीच. जगतापमामांनी काही सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात एक बाई म्हणाली, काट्यावर वजन केलं हो बाळाचं. आईने पिशव्या टाकल्या.

"तराजूत घातलं? मायं लेकरू तराजूत घातलं तू, ज्योते?" तिने हात माझ्यावर उगारला. "कुठी नाई जायाचं. वर चला."

ती फाटकाच्या मधोमध उभी राहिली. रिक्षावाला इंजिन चालू ठेवून वाट बघत होता. मी रडायला लागले होते. आणि माझ्या मुकाट ताईने, जिने जन्मात आईला उलट उत्तर दिलं नव्हतं, बाळाला माझ्याकडून घेतलं आणि म्हणाली, "आई, बाजूला हो."

आई झाली.

मुलांच्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टर वयाने फार मोठ्या नव्हत्या. त्यांनी बाळाला उघडं केलं, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच खाली बसली नाही. तशीच घडी होऊन राहिली. "शेवटची शू कधी केली?" त्यांनी विचारलं. ताईने माझ्याकडे पाहिलं. "काल दुपारी," मी म्हटलं. त्या क्षणी त्या खोलीत फक्त मलाच ते माहीत होतं, आणि मी ते आदल्या दिवसापासून जाणत होते. डॉक्टर कोणावर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी रक्त घ्यायला सांगितलं आणि बाळाला आत नेलं. काचेचं दार बंद झालं.

तासाभराने त्यांनी बाबांना आणि ताईला बसवून सांगितलं. दूध पोटात जातच नव्हतं. बाळ ओढत होतं, पण नीट धरत नव्हतं, त्यामुळे येत नव्हतं. आणि ओढलं जात नाही म्हणून दूध तयारही होत नव्हतं. अंगातलं पाणी आटत गेलं आणि रक्तातलं मीठ वाढलं, फार वाढलं. बाबा म्हणाले, "मग पाणी द्या ना लगेच. सलाईन लावा, जोरात सोडा." डॉक्टरांनी मान हलवली. "जोरात दिलं तर मेंदूला सूज येईल. जितकं हळूहळू गेलंय तितकंच हळू भरून काढावं लागेल. पुढचे दोन-तीन दिवस मी तुम्हाला काहीच सांगू शकणार नाही."

ते दोन-तीन दिवस. बाकावर बसून मी थेंब मोजत असे. काचेतून नळी दिसायची, नळीतला थेंब दिसायचा. तो इतक्या वेळाने पडायचा की आता बंदच पडलं असं वाटून मी उठून उभी राहायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी थेंबाकडे बघता बघता माझं लक्ष बाळाच्या हाताकडे गेलं. डावा हात हलत होता. मला केवढा आनंद झाला! मी ताईला खांद्याला धरून उठवलं, बघ, हात हलवतोय. मग कळलं की तो हात एका ठेक्यात हलतोय, झटके देत, आणि डोळे एका बाजूला वळलेत. ओठही त्याच ठेक्यात चावल्यासारखे हलत होते. सिस्टर धावल्या, डॉक्टर आल्या, कोणीतरी आतून पडदा ओढला. ताई काचेला कपाळ टेकून उभी राहिली. "मी नऊ दिवस पाजत होते त्याला," ती म्हणाली. "ज्योती, मी काय पाजत होते गं?"

आई वॉर्डाच्या मजल्यावर येतच नव्हती. खाली जिन्याच्या पायरीवर बसून असायची. जाणारे-येणारे तिला ओलांडून जायचे. बाबा चहा घेऊन गेले की कप हातात धरून ठेवायची आणि तो तसाच गार व्हायचा. भाऊजी आले, तिच्या पाया पडले, तरी ती पायरीवरून उठली नाही. माझ्या मनात तिच्याविषयी राग होता, पण खाली उतरताना तिचा वाकलेला माथा दिसला की तो कुठे ठेवावा कळायचं नाही.

झटके दोनदा आले. तिसऱ्या दिवसापासून आले नाहीत. मीठ उतरू लागलं. दरम्यान एका वयस्कर सिस्टरनी ताईला ताब्यात घेतलं होतं. दर तीन तासांनी त्या तिला वाटी घेऊन बसवायच्या आणि हाताने दूध काढायला लावायच्या. पहिल्या दिवशी वाटीचा तळही झाकला गेला नाही. ताई रडली तर त्या म्हणाल्या, "रडा, पण काढत राहा." ते चमच्याने बाळाच्या ओठांत सोडायचं, आणि वर पावडरचं दूध. चौथ्या दिवशी वाटी अर्धी झाली. पाचव्या दिवशी त्यांनी बाळाला पुन्हा छातीशी दिलं. तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायला लावलं, मग झटकन जवळ. "नुसतं टोक नाही, आतपर्यंत घेऊ दे. आता ऐका." आम्ही कान दिला. आधी काहीच नाही. मग, बारीक, घशातून, गुटुक. थोडं थांबून पुन्हा गुटुक. नऊ दिवस आमच्या घरात सगळ्या जगाचे आवाज होते, आणि हा एक नव्हता. कोणालाच तो माहीत नव्हता म्हणून कोणाला त्याची उणीव भासली नाही.

हॉस्पिटलमध्ये आणल्यापासून दहाव्या दिवशी बाळाला घरी सोडलं. निघताना डॉक्टर म्हणाल्या की पुढची दोन वर्षं बघावं लागेल. मान कधी धरतो, बसतो कधी, बोलतो कधी. त्या दोन वर्षांची भीती शब्दांत मांडता येणार नाही. प्रत्येक गोष्ट त्याने केली, काही थोड्या उशिराने. आज तो माझ्याहून फूटभर उंच आहे, नोकरी करतो, मोटारसायकल नको इतकी जोरात चालवतो. पण सहावीत गणितात नापास झाला तेव्हा ताईने मला फोन केला होता. एवढंच म्हणाली, "तेव्हाचं असेल का गं?" मी म्हटलं, मीही सहावीत नापास झाले होते. ते खोटं होतं.

पण मला सांगायचंय ते घरी सोडलं त्या दिवसाचं. डॉक्टर कागदांवर सह्या करत होत्या तेव्हा आई पहिल्यांदा वर आली. टेबलापासून लांब, दाराशी उभी राहिली आणि तिच्या भाषेतच, मी शेजारी असूनही न बिचकता, म्हणाली, "बाई, एक इचारू का? लेकरू पयले रडत होतं, मंग रडनं बंद झालं. अंग सुकत गेलं. टाळू खोल गेली. अन् मंग अकराव्या दिवशी गेलं. थे हेच असते का?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कोणाचं बाळ, आजी?"

"असंच इचारलं."

"बाळ न बघता सांगता येत नाही," डॉक्टर सावकाश म्हणाल्या. "पण असू शकतं. हो."

आईने मान हलवली आणि खाली निघून गेली.

घरी आल्यावर तिने आधी खिडकीची चादर सोडली. शेगडी उचलून गॅलरीत नेऊन ठेवली. मग स्वयंपाकघरात भांड्यांशी खुडबुडत राहिली. मी तिच्यामागे जाऊन उभी राहिले. माझ्याकडे पाठ ठेवूनच ती बोलली.

"तुह्या ताईच्या आधी मले एक पोरगं झालतं. गावी. तुह्या बाबाले बी त्याचं काही बोललेलं चालत नाई." तिने पातेलं पालथं घातलं. "लई गुणाचं होतं. सासू म्हणे, देवाची मर्जी. मी बी तसंच समजत होती. इतके वर्सं."

मला जवळ जावंसं वाटलं. विचारलं ते भलतंच. "नाव काय होतं त्याचं?"

"बारसं नव्हतं झालं. नाव कुठून असंन?" ती हात पुसत म्हणाली. बाहेर गिरणी सुरू झाली, फरशी थरथरू लागली, आणि त्या आवाजात मला ऐकू यावं म्हणून ती माझ्याकडे वळली.

"गजानन ठेवणार होती."

मग तिने घड्याळाकडे पाहिलं, तीन तास होत आले होते, आणि ताईला हाक मारत ती आतल्या खोलीत गेली.